चिलापी आणि निरवांगीचा जबाब

मासेखात्यात नोकरी केली म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. तुम्ही मासे खाता का, आणि कोणता मासा चवीला चांगला? पहिल्याचं उत्तर नाही, त्यामुळे दुसऱ्याचं मला येत नाही. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. वडील बारामतीत शिंपीकाम करायचे, आई गळ्यात माळ घातलेली. मला ही नोकरी लागली ती अर्जात ‘पोहता येते’ असं लिहिलं होतं म्हणून. कऱ्हेच्या डोहात शिकलेलं पोहणं असं कामाला आलं.

माझा हुद्दा फिल्डमन. साल पन्नासच्या पुढचं, आणि हद्द बारामती, इंदापूर हे दोन तालुके. पावसाळ्यात रोहू-कटल्याचं बीज कलकत्त्याकडून रेल्वेनं यायचं. अगदी बारीक असताना त्याला जिरं म्हणतात, कारण ते दिसतंच जिऱ्यासारखं. वाढून बोटाएवढं झालं की ती बोटुकली. ही बोटुकली पत्र्याच्या डब्यातून गावोगावच्या तळ्यांत नेऊन सोडायची, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. एसटीच्या मागच्या बाकावर डबा मांडीशी घेऊन बसायचं आणि वाटभर हातानं पाणी थापटत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. हात थांबला की मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. इंदापूर येईपर्यंत माझा उजवा हात खांद्यातून गळायला यायचा आणि शेजारचा प्रवासी निम्मा भिजलेला असायचा. तळ्यावर पोचल्यावरही मासे धाडकन ओतून चालत नाही. डबा तळ्यात अर्धा बुडवून ठेवायचा, तळ्याचं पाणी ओंजळीओंजळीनं आत घ्यायचं, मग डबा कलता करायचा. ज्याला जायचंय तो आपण होऊन जातो.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला दौंडहून छोट्या गाडीनं एक डबा आला. त्यात सात मासे होते, वीतभरही नसतील, रंगानं मळकट राखाडी. सोबत वरच्या ऑफिसचं पत्र. मासा आफ्रिकेतल्या नद्यांमधला, नाव तिलापिया. शेवाळावर जगतो, मचूळ पाण्यातही टिकतो असं म्हणतात. तरी तो पाळून पाहावा, काय खातो, कसा वागतो हे दर आठवड्याला लिहून कळवावं. शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ होती : हुकूम होईपर्यंत कोणत्याही उघड्या पाण्यात सोडू नये.

पाळायचा कुठं? ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, मागं सिमेंटचा हौद, आणि हौदाला बोट जाईल एवढी चीर. मी डबा घरी नेला. बाजारात फोटोफ्रेमचं दुकान असलेल्या गुलाबभाईंना गाठलं. लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा करून आणला होता, त्यात काचा बसवून द्या म्हटलं.

गुलाबभाई सांगाड्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, “आजपर्यंत काचेत देव बसवले, लोकांची म्हातारी माणसं बसवली. जिवंत गिऱ्हाईक पहिलंच.”

खडूची भुकटी अळशीच्या तेलात मळून लांबी केली, तिनं सांधे भरले. पेटी तीनदा गळली. चौथ्यांदा टिकली. तळाशी कऱ्हेची वाळू धुऊन घातली, पाणी दोन दिवस शिळं केलं आणि सातही मासे आत सोडले. आईनं लांबूनच विचारलं, “जिवंत हाईत न्हवं? मग असू दे. मेलेला मासा घरात चालायचा न्हाय.”

माझी बायको सुमन सातवी शिकलेली. मी महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर, म्हणून आठवड्याची वही तिच्याकडं आली. सरकारी कागदावर नाव माझं, पण त्या वहीतलं डोळ्यांनी पाहिलेलं सगळं तिचं आहे, हे आज सांगून टाकतो.

पंधरा दिवसांत त्यांतला एक नर बदलला. अंग काळं कुळकुळीत, गळा पांढरा, परांच्या कडा लाल. तो तोंडात वाळू भरून घ्यायचा आणि लांब नेऊन थुंकायचा. दोन दिवसांत त्यानं कोपऱ्यात बशीएवढा गोल खड्डा केला. सुमननं हौसेनं पाणवनस्पती लावली होती, ती उपटून वर तरंगत ठेवली. खड्ड्याजवळ कुणी आलं की त्याच्या अंगावर धावायचा. आई आता पेटीसमोर पाट टाकून बसायला लागली होती. म्हणाली, “ह्यो वतनदार दिसतोय.”

मी वरकुट्याच्या तळ्यावरून परत आलो त्या दिवशी सुमन दारातच थांबली होती. “एका मादीनं खड्ड्यात अंडी घातली हो. पिवळी, मोहरीपेक्षा थोडी मोठी. आणि लगेच खाऊन टाकली.”

मी तसंच कळवलं. पण मग त्या मादीनं खाणं सोडलं. कणीक टाकली तर बाकीचे तुटून पडायचे आणि ही कोपऱ्यात उभी. जबड्याखाली गळा फुगलेला. शेजारचे वैद्यबुवा चष्मा लावून बघून गेले आणि म्हणाले, “माणसाला असतं तर मी गालगुंड म्हटलं असतं.” मला दुसरं काही सुचेना. मी कागदावर लिहिलं, एक मादी आजारी, घशाला सूज, अन्न वर्ज्य. टपालानं उत्तर आलं आणि उत्तराबरोबर मेलेला मासा टिकवायच्या औषधाची, फॉर्मेलिनची बाटली. रोग पसरण्यापूर्वी मादी बाहेर काढून बाटलीत घालावी आणि तपासणीसाठी पाठवावी.

मी जाळी हातात घेतली. सुमन आडवी आली. “आजचा दिवस थांबा. ती मधूनच तोंड उघडते, कसलीशी चूळ भरल्यासारखी. मला आत काहीतरी दिसलं.”

आम्ही दोघं काचेला नाक लावून बसलो. बऱ्याच वेळानं मादीनं तोंड उघडलं, मिटलं. आत खसखशीएवढे काळे ठिपके, जोडीजोडीनं. ते डोळे होते. अंडी तिनं खाल्लीच नव्हती, तोंडात धरून ठेवली होती, आणि ती गिळली जाऊ नयेत म्हणून ती अन्नालाच शिवत नव्हती.

आज हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. तेव्हा आमच्याजवळ पुस्तक नव्हतं. मी वरिष्ठांना कळवलं की बाटली वाटेत फुटली. नोकरीतलं माझं ते पहिलं खोटं. मी अजून कायम झालेलो नव्हतो, दर सहा महिन्यांनी हुकूम वाढवून यायचा. पण बाटलीला हात लावणं मला जमलं नाही.

आठ-दहा दिवसांनी, दुपारी, मादीनं तोंड उघडलं आणि धूर सोडावा तशी पिल्लं बाहेर सोडली. किती म्हणून सांगू? दीडशे-दोनशे असतील. आई बघायला पुढं वाकली, तिची सावली काचेवर पडली. तशी मादी मागं सरली आणि सगळी पिल्लं धावत तिच्या तोंडात शिरली. क्षणात पेटी रिकामी. आई हात जोडून उभी राहिली. म्हणाली, “आपुन लेकराला पदराखाली घेतो, हिला पदर न्हाय.”

मग लोटच लागला. शाळामास्तर वर्ग घेऊन आले. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं भाजी विकून झाली की आमच्या ओसरीवर. गालगुंडाची मासोळी पिल्लं गिळते आणि परत काढते, हे ऐकून कुणी पैज लावून यायचं. एकानं तर मादीला पान-सुपारी ठेवली.

त्या बघ्यांत निरवांगीचे नारायणतात्या होते. साठीचा माणूस, नीरा कालव्याच्या पाण्यावर वांगी, मिरची, थोडी मोसंबी करणारे, घरचं नीट असलेले. त्यांच्या रानाच्या एका कडेला कालव्याचं पाणी पाझरून जमीन खारवट झालेली, चोपण. तिथं त्यांनी तळं खणलं होतं. त्या तळ्यात मी दोनदा रोहूची बोटुकली सोडली होती आणि दोन्ही वेळेला आठवड्यात सगळी पोट वर करून तरंगली होती. पाणी मचूळ. तात्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण भेटले की म्हणायचे, “सायेब, आमच्या पान्यात बेडूक नांदतो आन् तुमचा मासा नांदत न्हाय. मासा नाजूक का खातं नाजूक?”

ते पेटीसमोर पहिल्यांदा बसले ते तासभर हलले नाहीत. मग विचारलं, “ह्यो मचूळ पान्यात ऱ्हातो म्हंत्यात. खरं?”

“पत्रात तसं आहे, तात्या. आपण पाहिलेलं नाही.”

“मग बघायचं कसं? काचंतनं?”

त्याच आठवड्यात पत्र आलं : पिल्लांपैकी वीस ठेवावीत, उरलेली नष्ट करावीत. पेटीत गर्दी झाली होती, रोज सकाळी चार-पाच मेलेली निघत होती, ते खरंच. पण नष्ट करणं म्हणजे कोरड्या जमिनीवर ओतणं. आईनं ऐकलं आणि जेवायची थांबली. “माझ्या घरात जल्माला आल्याती. मातीत न्हाय वतायची.”

तात्या बाजाराला आले तेव्हा मी त्यांना आत बोलावलं. मेलेली जाऊन वीसवर उरलेली अदमासे चाळीस पिल्लं पितळी कळशीत घातली, तोंडाला ओलं फडकं बांधलं. सांगितलं, “वाटेत पाणी थापटत राहा. तळ्यात एकदम ओतू नका. आणि हे कुणाला सांगू नका. उघड्या पाण्यात सोडायची मनाई आहे.”

“मंग देताय कशापायी?”

“मला बघायचंय, म्हणून.”

आजही प्रामाणिक उत्तर तेवढंच आहे. दया होती, आईचा शब्द होता, पण सगळ्यात मोठं होतं ते कुतूहल. मी वहीत लिहिलं, ‘उर्वरित पिल्लं नष्ट केली’, आणि खाली सही केली.

पिल्लं जगली. दोन महिन्यांनी मी निरवांगीला गेलो तर तात्या बांधावर हसत उभे. काठाच्या उथळ पाण्यात बशीएवढे गोल गोल खड्डे, ओळीनं, आणि प्रत्येक खड्ड्यावर एक काळा वतनदार. तात्यांनी भाकरीचा चुरा टाकला तसं पाणी उकळल्यासारखं झालं. “तिलापिया” त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं, ते म्हणायचे चिलापी. हे नाव कुणी पाडलं मला ठाऊक नाही. मी ते पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्या दिवशी आम्ही दोघं लहान मुलांसारखे पालथे पडून खड्डे मोजत होतो.

पुढच्या थंडीत वरिष्ठ साहेब जीपनं तालुका बघायला आले. रोहू कुठं मेला ती तळी दाखवा म्हणाले. यादीत निरवांगी होतीच. मी दुसऱ्या गावांची नावं पुढं करून पाहिलं, पण त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

तळ्यावर पोचलो. गावचा पाटील, तलाठी, पाचपन्नास माणसं. साहेब काठानं चालत होते ते थांबले. वाकून बघितलं.

“हे खड्डे कशाचे?”

साहेब माणूस हुशार, वहीतल्या वर्णनावरून त्यांना खड्डे ओळखू येत होते. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, “तुमच्या वहीत उरलेली पिल्लं नष्ट केल्याची नोंद आहे ना?”

नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं. मी “होय साहेब” म्हणालो. तिसरं खोटं.

तेवढ्यात तात्या पुढं झाले. डोक्याचा पटका काढून हातात घेतलेला. “म्या आनलं. फिल्डमन सायबांच्या घरी पानी प्यायला गेल्तो. बाई आत गेल्या, तवर तांब्यात धरलं आन् आनलं.”

“म्हणजे सरकारी मासा चोरला?”

“व्हय.”

“गावासमोर कबूल करता?”

“केलं की.”

तलाठ्यानं तिथंच बांधावर बसून जबाब लिहिला. ‘मी राजीखुशीने लिहून देतो की सरकारी मासळी विनापरवाना चोरून आणली.’ तात्यांनी खाली सही केली, पाटलानं पंच म्हणून केली. मी तीन हात अंतरावर उभा होतो. तात्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता सांगत नाही.

साहेबांनी पुढं काही केलं नाही. जबाब फायलीत गेला. जीपमध्ये बसल्यावर मात्र ते खुशीत होते. “मचूळ पाण्यात वाढतोय, हे सिद्ध झालं की!” आणि वर्षाच्या आत हुकूम निघाला, हा मासा खारवट गावांतून वाटावा. बीज कुठलं? निरवांगीचं. ज्या तळ्यावर तात्या चोर ठरले, त्याच तळ्यातून मी डबे भरून तालुकाभर नेले. मी कायम झालो. साहेबांनी तात्यांची पाठ थोपटली. तात्या म्हणाले, “चोराच्या मालाला सरकार गिऱ्हाईक झालं म्हनायचं.” सगळे हसले, मीही हसलो. गावात त्यांना मासेचोर तात्या हे नाव पडलं होतं आणि ते त्यावर चिडत नसत. ते चिडत नाहीत म्हणून मीही ते मनातून काढून टाकलं.

मधल्या काळात माशानं आपला खरा गुण दाखवला. सगळं आयुष्य आपण मासा जगत नाही म्हणून रडतो. हा जगतो म्हणून रडायची पाळी आली. दर महिन्या-दीड महिन्याला पिल्लं, ती तोंडात सुरक्षित, मरत कुणीच नाही. तळं भरलं, पण मासा तळहातापेक्षा मोठा होईना, कारण खाणारी तोंडं फार. ज्या तळ्यांत रोहू चांगला वाढत होता तिथंही ओढ्याच्या पाण्याबरोबर हा शिरला आणि रोहूचं शेवाळ, किडे खाऊन बसला. पेटीतला वतनदार जे करत होता तेच त्यानं बाहेर केलं. आम्ही ते काचेतून बघितलं होतं, आणि बघूनही वाचलं नव्हतं. दशक संपता संपता वरून पत्र आलं, हा मासा कुठंही सोडू नये, जिथं आहे तिथून काढून टाकावा. पहिलं नाव निरवांगी.

मी इंजिन आणि पंप घेऊन गेलो. आता साहेब नवे होते, तरुण. पाटील, तलाठी, गाव, सगळे पुन्हा काठावर. तात्या थकले होते. म्हणाले, “आदी चोर केलंसा, मंग पाठ थोपाटली, आता उपसाया आलासा. सरकारचं एक कायतरी ठरू द्या.”

दुपारपर्यंत तळं गुडघाभर राहिलं. मी पायजमा वर करून चिखलात उतरलो होतो. नव्या साहेबांनी फाईल चाळता चाळता तो जबाब काढला आणि मोठ्यानं वाचला, गंमत म्हणून. “काय हो तात्या, तुम्ही म्हणजे नामी चोर!”

मी चिखलातूनच म्हणालो, “साहेब, तो जबाब खोटा आहे. ह्यांनी काही चोरलं नाही. मासे मी माझ्या हातानं दिले. वहीतली नोंदही खोटी, ती माझी.”

पंपाचा आवाज चालू होता, म्हणून मला ते दोनदा सांगावं लागलं. साहेबांनी फाईल मिटली. म्हणाले, “असू द्या हो, आता काय त्याचं!” गाव कुजबुजलं. तात्या मान हलवून म्हणाले, “कशाला काढायचं ते, सायेब. मला काय त्याचं वाटत न्हाय.”

त्यांच्यामागं त्यांच्या घरच्या, चंद्राकाकू, भाकरीचं टोपलं घेऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी चार शब्दांवर बोलल्या नव्हत्या. मला वाटायचं, स्वभाव असेल.

त्या म्हणाल्या, “त्यास्नी न्हाय वाटत. मला वाटतं. त्या टायमाला थोरलीला बघाया पावनं येनार हुतं. जबाबाचं कळलं तसं वाटंतनंच माघारी गेलं. चोराच्या घरची पोर नगं म्हनाले.”

“अगं, झालं ना तिचं मागनं चांगलं,” तात्या म्हणाले.

“झालं. दोन वर्सांनी झालं. ती दोन वर्सं मी काढली.” मग चिखलाच्या कडेशी येऊन, माझ्याकडं बघून, आवाज न चढवता, “हे तवा बोलायचं हुतं, सायेब.”

तात्यांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. एवढे डबे त्यांच्या काठावर बसून भरले, त्यांच्या हातचा चहा प्यालो, तरी नाही. काठावरची माणसं दुसरीकडं बघायला लागली. काकूंनी टोपलं खाली ठेवलं, भाकरी वाटल्या, मलाही एक दिली आणि रानाकडं निघून गेल्या.

तात्या तळाकडं बघून म्हणाले, “पंप बंद करा, सायेब. पानी सपलं, नुसती हवा वडतोय त्यो.”